बोर्ड लावला की झालं रेस्क्यू सेंटर?

मंडळी, पोस्ट लांब आहे. शिवाय कुत्र्यांवरची आहे, म्हणजे खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडणार हे ठरलेलंच. एक पार्टी म्हणणार, "तुमच्या पोराला चावल्यावर कळेल." दुसरी म्हणणार, "माणसापेक्षा कुत्रं बरं." दोन्ही पार्ट्यांना हात जोडून विनंती, आज कुत्रं चांगलं की वाईट हा विषय नाही. रस्त्यावरून उचललेलं कुत्रं ज्या जागेत नेऊन ठेवतात, त्या जागेला परवानगी कोण देतं आणि आत काय चाललंय हे बघायला कोण जातं, एवढाच विषय आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण ते शोधायला मला तीन आठवडे लागले. परवानगी कुणी देत नाही आणि बघायला कुणी जात नाही.

हे आत्ताच का काढलं? तर सुप्रीम कोर्टाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश. शाळा, कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली भटकी कुत्री उचलायची, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचं, निवारा केंद्रात ठेवायचं आणि परत त्या जागी सोडायचं नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये दिल्लीवरून जे रामायण झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, दिल्ली परिसरातली सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाका. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं, नसबंदी-लस करून होती तिथं सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर धावणारी ठेवून घ्या. मग नोव्हेंबरचा आदेश आला आणि तो दिल्लीपुरता नव्हता, अख्ख्या देशाला लागू होता. म्हणजे आमच्या एसटी स्टँडालाही.

शेल्टर हा शब्द आदेशात लिहायला सोपा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री सुमारे पावणेतेरा लाख निघाली होती. त्यातली किती स्टँडावर, किती दवाखान्यात हे सोडा. एका तालुक्याच्या गावाला दीड-दोनशे कुत्री ठेवायची वेळ आली तर कुठं ठेवणार? आमच्या नगरपरिषदेकडे एक कोंडवाडा आहे. भिंतीवर 'कोंडवाडा' ही अक्षरं अजून वाचता येतात. आत अतिक्रमणात जप्त केलेले हातगाडे आहेत आणि मधोमध एक बाभूळ उगवलीय.

त्यामुळं सगळ्यांचं लक्ष गेलं ओढ्यापलीकडच्या शेडाकडं. गावातल्या लोकांना माहीत आहे मी कुठल्या शेडाबद्दल बोलतोय, नाव घ्यायची गरज नाही. पत्र्याचं शेड, बाहेर जाळीचं कुंपण, फाटकावर फ्लेक्स, त्यावर पंजाचं चित्र आणि 'रेस्क्यू सेंटर'. पाच-सहा वर्षं झाली. आता नगरपरिषदेत चर्चा अशी आहे की कुत्री तिथंच द्यायची आणि दर कुत्र्यामागं रोजचा खर्च द्यायचा. डिसेंबरच्या निवडणुका होऊन नवीन नगरसेवक आलेत, त्यांना पहिल्याच दोन-चार सभांत हा विषय निकाली काढायचाय. त्यांचीही घाई समजू शकतो. चार वर्षं प्रशासक होता, लोकांनी आता धरलंय यांना.

डिप्लोमा करताना आमचे सर एक सांगायचे. कुठल्याही साहेबासमोर बसलास की पहिला प्रश्न विचार, "हे कुठल्या नियमाखाली?" बातमीचं निम्मं काम तिथंच होतं. तर मी तेवढाच प्रश्न घेऊन निघालो. या शेडाला रेस्क्यू सेंटर म्हणून कुठल्या नियमाखाली मान्यता आहे?

पहिलं टेबल नगरपरिषदेचं. आरोग्य विभागातले साहेब म्हणाले, "शेड आमच्या हद्दीत नाही हो. ओढ्यापलीकडं ग्रामपंचायत लागते." खरंय. म्हणजे ओढ्याच्या अलीकडं असेपर्यंत कुत्रं नगरपरिषदेचं, गाडी पुलावरून गेली की ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायतीत गेलो. तिथं सातबारा निघाला, जिरायत जमीन आहे. शेड जनावरांसाठी म्हणून बांधलंय. कागदावर तो गोठा आहे. गोठ्यात काय बांधलंय ते बघायला ग्रामपंचायत कशाला जाईल?

दुसरं टेबल धर्मादायचं, जिल्ह्याच्या गावी. संस्था नोंदलेली आहे, ट्रस्ट आहे, हिशोब बहुतेक वर्षांचे दाखल आहेत. तिथले कर्मचारी चांगले होते, चहा पाजला. पण त्यांचं काम महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. विश्वस्त कोण, बदल अर्ज केला का, ऑडिट झालं का. ट्रस्टच्या घटनेत उद्देश लिहिलाय 'मुक्या प्राण्यांची सेवा'. सेवा होते की नाही हे बघायला त्यांच्याकडं ना माणूस, ना अधिकार. आणि एक गंमत सांगतो, ट्रस्ट नोंदवला नसता तरी कुत्री ठेवायला कुणी अडवलं नसतं. नोंदणी लागते ती पावती फाडायला.

पोलीस स्टेशनात एक ओळखीचे हवालदार आहेत. ते म्हणाले, "गाई-बैलं पकडली की आम्ही गोशाळेत देतो, केसमधला मुद्देमाल असतो तो. कुत्र्याची आमच्याकडं केसच नाही. तुम्ही तक्रार देताय का?" तक्रार कशाची देऊ? मी फक्त विचारत होतो.

तक्रार दिली असती तरी काय झालं असतं तेही ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. जनावराला अपुऱ्या जागेत कोंडणं, पुरेसं खाणं-पाणी न देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पासष्ट वर्षं झाली, आकडा तोच. पन्नास रुपयांत आमच्याकडं आता मिसळसुद्धा येत नाही. आणि हा कायदा हाल झाल्यावर येतो. हाल होऊ नयेत म्हणून आधी जागा बघून हो किंवा नाही म्हणायची सोय यात शेडासाठी कुठंच नाही.

शेवटी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर जुने आहेत, निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, त्यामुळं मोकळं बोलतात. म्हणाले, "आमच्या योजना गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांच्या. कुत्रं आणलं तर बघतो, नाही कुठं म्हणतो? पण शेड तपासायला जाऊ कुठल्या नियमाखाली? आत घेतलं नाही तर फाटकावरून परत यायचं." मग त्यांनीच मला सगळी उतरंड समजावून सांगितली आणि ती ऐकून मी चाटच पडलो.

तुम्हाला कुत्र्याची पिल्लं विकायचं दुकान काढायचंय? २०१८ चे पेट शॉप नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. कुत्री पैदास करून विकायचीत? २०१७ चे वेगळे नियम, तिथंही नोंदणी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असंही त्यात आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करायचीय? २०२३ चे एबीसी नियम. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडून त्या प्रकल्पाला मान्यता घ्यावी लागते, ऑपरेशनची खोली, पिंजरे, सीसीटीव्ही, नोंदी, सगळं त्यात लिहिलंय. शेतात मोर जखमी सापडला आणि तुम्ही घरी ठेवलात तर वनविभाग दारात येईल. वन्यप्राण्यांचं रेस्क्यू सेंटर चालवायचं तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, २०२२ च्या दुरुस्तीत तर प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येतच रेस्क्यू सेंटर घातलंय. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबटे ठेवलेत, त्यांना विचारणारं कुणीतरी आहे.

गाईंचंही बघा. २०२४ मध्ये राज्य सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांना देशी गायीमागं रोज ५० रुपये द्यायचं ठरवलं. ते पैसे गोसेवा आयोगामार्फत, म्हणून आयोगाकडं नोंदणी आली. गायीच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला असतो. त्यावरून ती गाय मोजता येते. पैसे आले की मोजणी येते, मोजणी आली की निदान कागद तरी तयार होतो.

आता राहिलं काय? तर कुत्री विकणार नाही, पैदास करणार नाही, नसबंदी करणार नाही, वन्यप्राणी ठेवणार नाही. फक्त रस्त्यावरची उचलून आणणार आणि सांभाळणार. याला काही लागत नाही. डॉक्टरांच्याच शब्दांत, "दोन पिल्लं विकायला नोंदणी आणि दोनशे कुत्री कोंडायला काही नाही."

एक आहे म्हणायला. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी हवी. सरकारनं तिला दवाखाना आणि निवाऱ्यासाठी जमीन द्यायची, तिथं पूर्णवेळ पशुवैद्यक ठेवायचा, असं स्पष्ट लिहिलंय. पंचवीस वर्षं होत आली या नियमांना. आमच्या जिल्ह्यात सोसायटी कागदावर आहे, बैठकीचे फोटोही आहेत. निवारा कुठंय हे मी विचारलं तेव्हा समोरच्यानं मलाच विचारलं, "तुम्ही ते ओढ्यापलीकडचं बघितलंय का? चांगलं काम आहे म्हणे." फिरून परत त्याच शेडात!

तर मग शेडात गेलो.

ते चालवणाऱ्या ताईंनी अडवलं नाही, उलट खुर्ची दिली. पंचावन्न-साठ वय असेल. नवऱ्याच्या पेन्शनीतून सुरुवात केली, दागिने मोडलेत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी मोजलं तेव्हा आत ७१ कुत्री होती. त्या म्हणाल्या पंच्याऐंशी. त्यांनाच नक्की आकडा माहीत नव्हता आणि तो लपवायचाही नव्हता, कारण मोजत बसायला वेळच नाही. रोज वीस किलो कणी शिजते, चिकनवाल्याकडून मुंडकी-पाय येतात. एका कोपऱ्यात तीन पायांची कुत्री, एक आंधळी, एक लकवा झालेली, तिच्या खाली पोतं. ती तिघं रस्त्यावर एक दिवसही जगली नसती. हे मान्य करूनच पुढचं लिहितोय.

बाकीचं असं. आठवड्यात आणलेली पिल्लं आणि जुनी कुत्री एकाच जाळीत होती. दोन पिल्लं रक्ताचं हगत होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, लक्षणं पार्व्होची. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, म्हणजे ती पिल्लं गेली तरी त्या जागेवर येणारं प्रत्येक नवीन पिल्लू त्याच रांगेत उभं. वेगळी खोली नाही, फरशी नाही, धुवायला टँकरचं पाणी, ते पण उन्हाळ्यात विकत. पाण्याची भांडी मोजून चार. भांडणात कान तुटलेली पाच-सहा कुत्री. नर-मादी एकत्र आणि सगळ्यांची नसबंदी झालेली नाही. नीट विचार करा, रेस्क्यू सेंटरमध्ये पिल्लं जन्माला येतायत. गेल्या वर्षी किती मेली? रजिस्टर नाही. मागच्या बाजूला खड्डा आहे, त्यावर चुना. "किती गेली आठवत नाही भाऊ," ताई म्हणाल्या, "आठवलं तर दुसऱ्या दिवशी उठणं होणार नाही."

आणि तिथं काम करणारा पोरगा. एकोणीस वर्षांचा, शेजारच्या वस्तीवरचा. दोन्ही हातांवर दातांचे व्रण, काही जुने, एक ताजा. मी विचारलं, "लस घेतलीस का रे?" तर म्हणाला, "पहिल्यांदा चावलं तेव्हा एक घेतली होती." एक! रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, जवळपास शंभर टक्के. कोर्स पूर्ण करावा लागतो, आणि जो रोज भटक्या कुत्र्यांत काम करतो त्यानं तर चावायच्या आधीच लस घेऊन ठेवायची असते. त्या जाळीत एखादं पिसाळलेलं, लस न झालेलं कुत्रं आलं तर काय होईल? उरलेली सत्तर, हा पोरगा आणि ताई. त्याला मी दुसऱ्या दिवशी गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. आता कोर्स चालू आहे, तारखा माझ्या मोबाईलमध्ये लावल्यात. त्याला त्या शेडात महिन्याला किती मिळतात ते लिहीत नाही, ताईंनाच वाईट वाटेल.

आता मला सांगा, या बाईंवर गुन्हा दाखल करायचा? प्राणीप्रेमी मित्रांना वाटेल मी त्यांना बदनाम करतोय, दुसऱ्या पार्टीला वाटेल बरं झालं. दोन्ही नको. मी ताईंना सरळ विचारलं, "एवढी का घेता?" त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो.

"मी कुठं घेते भाऊ? लोक टाकून जातात. सकाळी फाटक उघडलं की पोत्यात पिल्लं असतात. लॅब्राडॉर, पामेरियन, पट्ट्यासकट बांधून जातात, म्हातारं झालं म्हणून. नगरपालिकेची गाडी येते, उतरवून जाते, सही पण घेत नाही. नगरसेवक फोन करतात, माझ्या गल्लीतलं न्या. नाही म्हटलं तर म्हणतात, मग बोर्ड कशाला लावलाय?"

तीन आठवड्यांत मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. आपण परवाना म्हटलं की डोळ्यासमोर येतो कुणाला तरी बंद करणारा कागद. या बाईंना मात्र हवा असलेला कागद वेगळा आहे, ज्यावर लिहिलंय की या जागेत तीस कुत्री मावतात, एकतिसावं आलं तर ते नगरपरिषदेनं दुसरीकडं न्यायचं. तो कागद फाटकावर लावला की नगरसेवकाला दाखवता येतो. आज त्यांच्याकडं नाही म्हणायला आधारच नाही. आणि आपल्या सगळ्यांची सोय त्यातच आहे. गल्लीतलं कुत्रं दिसेनासं झालं की आपला प्रश्न सुटला. पुलापलीकडं काय झालं ते कोण बघतं?

दुसरी जात वेगळी आहे, तिच्याबद्दल मला एवढी माया नाही. रीलवाले. पाय मोडलेलं कुत्रं, मागं रडकं गाणं, खाली क्यूआर कोड. तीन जिल्ह्यांपलीकडचे लोक पाचशे-हजार पाठवतात, चांगल्या मनानं पाठवतात. पुढं त्या कुत्र्याचं काय झालं? पुढची रील दुसऱ्या कुत्र्याची असते. अशांच्या बाबतीत एकच विचारायचं: गेल्या वर्षी किती आणली, किती बरी होऊन सोडली, किती दत्तक गेली, किती मेली, आत्ता किती आहेत. बेरीज जुळली पाहिजे. किराणा दुकानदार गोडाऊनचा हिशोब ठेवतो, मग इथं काय अडचण आहे? सगळे रीलवाले चोर असं मी म्हणत नाही. काहींनी खरंच ऑपरेशनं करून आणलीत, मी स्वतः बघितलीत. पण बाहेरून दोघांत फरक ओळखायचा कसा, हे पैसे पाठवणाऱ्याला आज कळूच शकत नाही.

आपल्याकडं ही परंपरा नवीन नाही हो. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली म्हणून पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापारी मंडळींनी पांजरापोळ काढली, अजून चालू आहे. व्यापारी आपल्या मालावर ठरावीक पट्टी देऊन अशा पांजरापोळी चालवायचे. पट्टी देणारा रोज त्याच बाजारात असायचा, त्यामुळं हिशोब विचारणारा माणूस कोपऱ्यावरच. आता पैसे देणारा पुण्यात नाहीतर दुबईत, कुत्रं आमच्या ओढ्याकाठी.

मागच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकडं नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीवरून केवढं रान पेटलं होतं आठवतंय ना. हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, मोर्चे, सिमकार्ड पोर्ट करायच्या मोहिमा. ज्या वनतारा केंद्रात तिला नेलं, त्याची चौकशी करायला सुप्रीम कोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमलं, आणि सप्टेंबरमध्ये पथकाच्या अहवालावरून कोर्टानं केंद्राला क्लीन चिट दिली. त्या वादात मला शिरायचं नाही. सांगायचं एवढंच की तिथं विचारायला कायदा होता, प्राधिकरण होतं, कागद होते, म्हणून चौकशी होऊ शकली. आमच्या ७१ कुत्र्यांसाठी चौकशी लावायची ठरवली तरी पथक कुठला कागद तपासणार?

आता तुमच्यातले काही जण म्हणणार, "साहेब, अजून एक परवाना म्हणजे अजून एक टेबल, अजून एक पाकीट." माझाही पहिला विचार तोच होता. आपल्याकडं परवाना खोलीतल्या हवेला मिळत नाही, टेबलावरच्या वजनाला मिळतो. ज्याच्याकडं ऑफिस, सीए, लेटरहेड आहे तो दोन दिवसांत काढेल. ताईंसारखी बाई हेलपाटे घालून मरेल. ही भीती खोटी नाही. दुकान आणि पैदास यांच्या नोंदणीचं काय झालंय तेच बघा, नियम येऊन सात-आठ वर्षं झाली, आमच्या बाजारपेठेत पिंजऱ्यात पिल्लं विकणाऱ्यांपैकी एकाच्याही भिंतीवर मला नोंदणीचा कागद दिसला नाही.

तिकडं स्कॉटलंडमध्ये २०२१ च्या नियमांनी प्राणी निवाऱ्यांना स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यायला लावलाय, म्हणजे जगात कुणी केलंच नाही असं नाही. पण तिकडचं उचलून इकडं चिकटवायला मी सांगणार नाही. तिकडं कौन्सिलकडं तपासायला माणूस आहे. इकडं आमच्या डॉक्टरांकडं अख्ख्या तालुक्याची गुरं आहेत.

मला वाटतं सुरुवात लहान करावी. नगरपरिषद पैसे देणारच आहे ना, मग करारातच अटी घाला, दिल्ली-मुंबईच्या नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही. जागा मोजा आणि आकडा ठरवा, आकड्याच्या वर एकही कुत्रं उतरवायचं नाही, नगरपरिषदेच्या गाडीनंसुद्धा. नवीन आलेल्याला वेगळी जागा, पक्की फरशी, पाण्याचं कनेक्शन, आणि ते नगरपरिषदेनं द्यायचं, ताईंनी नाही. एका नोंदणीकृत पशुवैद्यकाचं नाव करारात, आठवड्यातून किती वेळा येणार त्यासकट. काम करणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची लस, पहिल्या दिवसाआधी. रजिस्टर एकच, त्यात आलेली, सोडलेली, दिलेली, मेलेली, आणि ते महिन्याच्या शेवटी नगरपरिषदेच्या फळ्यावर. फी नको. तपासणीला डॉक्टरांबरोबर गावातली दोन माणसं, एक कुत्री आवडणारा, एक न आवडणारा. हे मी गमतीनं म्हणत नाही, दोघं एकमेकांवर बरोबर लक्ष ठेवतात.

आणि एक अट जी कुणी बोलत नाही. ताई उद्या आजारी पडल्या तर? त्या शेडाची किल्ली कुणाकडं जाणार? ७१ कुत्री उपाशी कोंडून राहिली तर कळायला किती दिवस लागतील? मी ताईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर आजारी पडत नाही." डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की त्यांची शुगर साडेतीनशेच्या वर आहे. सकाळच्या कणीच्या चुलीपाशी बसूनच गोळ्या घेतात.

हा मजकूर त्यांना आधी वाचून दाखवलाय. शुगरचं ठेवू का विचारलं, तर "राहू दे, लोकांना कळू दे" म्हणाल्या. 'मोजायला वेळ नाही' हे मात्र त्यांना आवडलं नाही, त्यांनी दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन सगळी मोजली. आकडा ७४ निघाला, कारण रात्रीत तीन पिल्लं फाटकावर आली होती. एक शंभर पानी वही मी नेऊन दिलीय. पहिल्या पानावर ७४ लिहिलंय, तारखेसह, पोराच्या अक्षरात.

सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आलाय. मी वरच्या अटींचं पत्र नागरिक म्हणून दिलंय, पत्रकार म्हणून नाही. ज्यांना पटतंय त्यांनी आपलं पत्र स्वतःच्या शब्दांत लिहून आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका, नाहीतर पत्र आलंच नाही म्हणतात. ज्यांना पटत नाही त्यांनीही द्या. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला फोन कराल तेव्हा एकच विचारा, ओढ्यापलीकडं किती कुत्री ठेवायची हे करारात लिहिलंय का?

आणि घरचं म्हातारं कुत्रं सोडायचा विचार असेल तर रात्री ताईंच्या फाटकाला बांधून जाऊ नका. आधी दवाखान्यात डॉक्टरांना भेटा, सकाळी नऊनंतर असतात. मार्चअखेरपर्यंत तरी आहेत, त्यानंतर त्यांच्या जागी कोण येणार याची ऑर्डर अजून निघालेली नाही.